तेव्हा आपण कशाला हसत होतो? : ‘लाफ्टर चॅलेंज’ पुन्हा पाहताना

यंदाच्या भीमजयंतीच्या तयारीची बैठक विहारात सुरू होती. मिरवणूक, भोजनदान, वक्ते, वर्गणी हे सगळे विषय झाले आणि गाडी सांस्कृतिक कार्यक्रमावर आली. एका मुलाने सुचवले, “दरवर्षी भाषणंच असतात, लोक कंटाळतात. एखादी कॉमेडी बसवू या. ते जुनं लाफ्टर चॅलेंज होतं ना, तसं काहीतरी.” त्याने एक स्किटही ठरवून आणले होते. एक मुलगा साडी नेसून कामवाली बाई होणार, तोंडात पान धरून बोलणार, मॅडमच्या घरातल्या वस्तू बघून थक्क होणार, उलटसुलट इंग्रजी बोलणार. बैठकीतले सगळे हसले. आम्हीही हसलो.

मग आठवणी निघाल्या. आमच्यापैकी पाच-सहा जणांचे बालपण त्या कार्यक्रमाबरोबर गेलेले. वर्धा जिल्ह्यातले आमचे तालुक्याचे गाव, वस्तीत मोजक्या घरी केबल, त्यात लोडशेडिंग. वीज असेल त्या रात्री एका खोलीत पंधरा-वीस माणसे टीव्हीसमोर बसायची. दुसऱ्या दिवशी शाळेत तेच संवाद, त्याच नकला. म्हणून ठरवले, की स्किट बसवण्याआधी जुने भाग एकदा सगळ्यांनी मिळून पाहू. एका रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या सभागृहात लॅपटॉप लावला आणि तीन-चार तास पाहत बसलो.

पहिला अर्धा तास मजेत गेला. नंतर हसू कमी होत गेले. शेवटी लॅपटॉप बंद केला तेव्हा कोणी फारसे बोलत नव्हते. त्या दिवशी काय दिसले आणि नंतर आपसात काय चर्चा झाली, ते या लेखात मांडतो आहोत. कोणा एका कलाकाराला दोषी ठरवावे म्हणून हे लिहिलेले नाही. जयंतीच्या मंचावर आपण काय सादर करतो आणि कशाला हसतो, याचा विचार आपल्या तरुणांनी करावा, एवढाच हेतू आहे.

कार्यक्रम काय होता?

आज विशीत असलेल्यांना कदाचित माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ हा कार्यक्रम २००५ मध्ये ‘स्टार वन’ या वाहिनीवर सुरू झाला. देशभरातले विनोदवीर येऊन काही मिनिटे लोकांना हसवायचे. शेखर सुमन आणि नवज्योतसिंग सिद्धू हे परीक्षक होते. सिद्धू त्या वेळी लोकसभेचे खासदारही होते. पहिल्या पर्वाचे विजेते सुनील पाल आपल्या विदर्भातले. त्यामुळे आमच्याकडे जणू घरचाच पोरगा जिंकल्याचा आनंद झाला होता. राजू श्रीवास्तव, एहसान कुरेशी ही नावे याच पर्वाने घराघरांत पोहोचवली. पुढे तिसऱ्या पर्वात कपिल शर्मा जिंकले. २००७ मध्ये सोनीवर ‘कॉमेडी सर्कस’ आले, २०१३ मध्ये कलर्सवर ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’ आले. आज मोबाइलवर जे रील बघतो, त्यातल्या कितीतरी विनोदांचे मूळ तिथेच सापडते.

आता पाहिले तर सगळेच भडक वाटते. चकाकणारा सेट, अंगावर येणारे दिवे, प्रत्येक विनोदावर ढोलाचा किंवा झांजेचा आवाज, परीक्षकांची शेरोशायरी आणि टेबल बडवणे. लहानपणी हाच भडकपणा आम्हाला श्रीमंती वाटायचा.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्या मंचावर गुणवान माणसे होती. लहान गावांतून आलेली, हिंदी सिनेमात ओळखपाळख नसलेली, पोटासाठी ऑर्केस्ट्रात नकला केलेली. राजू श्रीवास्तव यांचा ‘गजोधर’ हा गावाकडचा माणूस शहर कसे बघतो, लग्नाच्या पंगतीत काय काय घडते, हे ते इतक्या बारकाईने दाखवायचे, की ते आजही ताजे वाटते. इंग्रजी न येणारा माणूसही टीव्हीवर जाऊन नाव कमावू शकतो, हे आमच्या पिढीने त्याच मंचावर पाहिले. आमच्या वस्तीतल्या दोन-तीन पोरांनी त्या जोरावर गॅदरिंग गाजवले. ही बाजू विसरून चालणार नाही.

हसू तयार कसे होते?

पुन्हा पाहताना पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे आम्हाला हसवण्यात विनोदापेक्षा कॅमेऱ्याचा हात मोठा होता.

विनोद संपतो तोच चित्र परीक्षकावर जाते. परीक्षक खुर्चीतून उसळतो, डोळे पुसतो. तिथून चित्र प्रेक्षकांवर येते. एक बाई तोंडावर रुमाल धरून हसते, एक म्हातारा टाळ्या वाजवतो. मग पुन्हा विनोदवीर. घरी बसलेल्या माणसाला विनोद कळो न कळो, सगळे हसताहेत म्हटल्यावर तोही हसतो. विनोदी मालिकांमध्ये तर हसण्याचे आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून मागे जोडलेले असतात. समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या खऱ्या प्रतिक्रियाही संकलनात कापून हव्या तिथे लावता येतात. म्हणजे कुठे हसायचे हे आपल्याला शिकवले जात होते. वर्षानुवर्षे तेच तेच शिकवले, की आपोआप हसू येऊ लागते. तोतरे बोलणारा दिसला की हसू, काळी मुलगी नटून आली की हसू, जाड बाई चालली की हसू.

दुसरी गोष्ट टीआरपीची. त्या काळी टीआरपी मोजणारी यंत्रे शहरांतल्या काही हजार घरांत बसवलेली होती. गावे त्या मोजणीत नव्हतीच. २०१५ मध्ये ‘बार्क’ची मोजणी सुरू झाली, तेव्हा ग्रामीण भागाचा त्यात समावेश झाला. याचा अर्थ काय? आमच्या खोलीत बसलेले ते पंधरा-वीस जण वाहिनीच्या हिशेबी प्रेक्षकच नव्हते. जाहिरातदाराला हवा असलेला प्रेक्षक शहरातला, खिशात पैसे असलेला. त्याला हसवण्यासाठी मंचावर आणली जाणारी पात्रे मात्र गावातली आणि झोपडपट्टीतली. आमची गणती झाली ती विनोदाचा विषय म्हणून.

जात न सांगता जात

त्या रविवारी आमच्यातल्या एका मुलीने वही घेतली आणि कोणकोणत्या माणसांवर विनोद होतो याची यादी करायला सुरुवात केली. कामवाली, वॉचमन, ड्रायव्हर, दारूडा, भिकारी, रस्ता झाडणारा, गावठी नवरदेव, बारमध्ये नाचणारी मुलगी, तृतीयपंथी, बायकी पुरुष, हिंदी नीट न येणारा दक्षिणेतला माणूस, लहेजात बोलणारा बिहारी. नेते आणि सिनेनटही होते. पण त्यांची नक्कल व्हायची तेव्हा त्यांचा आवाज, त्यांची ढब, त्यांचे गाजलेले संवाद उचलले जायचे. म्हणजे त्यांच्या वैशिष्ट्यावर हसायचे. कामवालीच्या बाबतीत तिच्या कामवाली असण्यावरच हसायचे. तिला नावही नसायचे.

कोणीही मंचावर जातीचे नाव घेतले नाही. घ्यायची गरजच नव्हती. आपल्या समाजात जात सांगायला आडनावच लागते असे नाही. भाषा, रंग, कपडे, राहण्याची जागा आणि काम यांवरून ती बरोबर ओळखली जाते. ‘झाडूवाला’ म्हटले की कोण डोळ्यांसमोर येतो? शहरातल्या सोसायटीत भांडी घासायला येणारी बाई बहुधा कोणत्या वस्तीतून येते? हे सगळ्यांना माहीत असते, म्हणून विनोद कळतो आणि जात उच्चारली नाही म्हणून तो निर्दोषही ठरतो.

कायद्याच्या दृष्टीनेही हा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा तिला जातिवाचक शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. पण नाव नसलेल्या कामवालीची, चेहरा नसलेल्या सफाई कामगाराची थट्टा सहसा त्या चौकटीत बसत नाही. तक्रार कोणी करायची आणि अपमान कोणाचा झाला म्हणायचे? म्हणून अशा विनोदाला उत्तर न्यायालयात शोधून फारसे काही हाती लागणार नाही. ते समाजात, आपल्या डोक्यात आणि आपल्या मंचावर शोधावे लागेल.

आईला विचारले तेव्हा

आमच्यातल्या एकाची आई तेव्हा चार घरची धुणीभांडी करायची. त्या खोलीत ती सगळ्यांत मागे, दाराजवळ बसायची, कारण सकाळी पाचला उठायचे असायचे. कामवालीची नक्कल आली की तीही हसायची. पदर तोंडाला लावून खूप हसायची. मुलाच्या ते डोक्यात राहिले होते. त्या रविवारी घरी गेल्यावर त्याने विचारले, “आई, तू तेव्हा काऊन हासत होती व? तुझीच तर नक्कल होती ते.”

आई म्हणाली, “हासू नाही तं काय करू? टीव्हीत तवा आपल्यासारखं कोन दिसे? साऱ्या बाया सोन्यानं मढलेल्या. एक तरी भांडे घासनारी दिसली, तं बरं वाटे.” थोड्या वेळाने तिनेच पुढे जोडले, “पन बाबू, ते भांडे कसे घासत होते पाह्यलं का? त्याले घासताच येत नोहतं.”

आम्ही चर्चेत फार मोठे शब्द वापरले होते. सांस्कृतिक वर्चस्व, प्रतिमानिर्मिती वगैरे. आईच्या या चार वाक्यांनी आम्हाला थांबवले. तिला तो अपमान कळत नव्हता असे नाही. पण जिथे आपले अस्तित्वच दाखवले जात नाही, तिथे नकलेच्या रूपातले दिसणेही माणसाला थोडे सुख देते. म्हणून उपाशी माणूस उष्टेही खातो. त्यात दोष खाणाऱ्याचा काढायचा नसतो. आणि दुसरे म्हणजे, नक्कल करणाऱ्याला ते काम येत नव्हते, हे तिच्या नजरेने तेव्हाच टिपले होते. त्या माणसाने कामवालीला कधी नीट पाहिलेच नव्हते. त्याने पाहिले होते ते मॅडमच्या डोळ्यांनी.

त्याच वर्षांत बाहेर काय चालले होते?

टीव्ही बंद केल्यावर आम्ही एक उजळणी केली. २००५ आणि २००६ या दोन वर्षांत, आम्ही हसत असताना, आजूबाजूला काय घडत होते?

२००५ मध्येच महाराष्ट्र सरकारने डान्सबारवर बंदी आणली. सुमारे ७५ हजार स्त्रियांचा रोजगार गेल्याचा आकडा तेव्हापासून चर्चेत आहे. पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या, जातिव्यवस्थेने त्याच कामाला जुंपलेल्या समाजांतल्या अनेक मुली त्यांच्यात होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. पण मधल्या काळात त्या मुलींचे काय झाले याची विचारपूस कोणी केली नाही. त्याच काळात बारबालेची नक्कल हा टीव्हीवरचा हमखास हशा होता. एका बाजूला कायदा तिला घालवतो आहे, दुसऱ्या बाजूला मंच तिच्यावर हसतो आहे. तिला स्वतःला काय म्हणायचे आहे, ते दोन्हीकडे कोणी विचारत नाही.

२००६ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांत ओबीसी आरक्षणाचा निर्णय आला. त्याला विरोध करणाऱ्या दिल्लीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी रस्ते झाडले, बूट पॉलिश केले. त्यांना सांगायचे होते, की आरक्षण आले तर आमच्यावर ही वेळ येईल. म्हणजे ज्या कामांवर आपले बापजादे जगले, ती कामे करून दाखवणे हाच त्यांचा निषेध होता. टीव्हीवर साडी नेसून केलेली कामवालीची नक्कल आणि रस्त्यावर ॲप्रन घालून केलेली सफाई कामगाराची नक्कल, यांत आता आम्हाला फार अंतर दिसत नाही. झाडणे म्हणजे हास्यास्पद काम, हे ज्यांच्या मनात पक्के झालेले असते, त्यांनाच अशी कल्पना सुचते.

आणि २९ सप्टेंबर २००६. खैरलांजी. भंडारा जिल्हा, आमच्याच विदर्भातला. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. देशभरातल्या वाहिन्यांनी तिची गंभीर दखल घेतली ती आपले लोक रस्त्यावर उतरल्यानंतर, आणि त्यात आठवडे गेले. आमच्या घरातला टीव्ही तोच होता. त्याच पडद्यावर रोज रात्री हशा होता, पण आपल्या माणसांच्या मरणाची बातमी मात्र आम्हाला विहारातून, सायकलवरून आलेल्या कार्यकर्त्यांकडून, हातोहात फिरणाऱ्या पत्रकांतून कळली. ज्या माणसांना रोज विनोदाचे पात्र म्हणून पाहायची सवय लागते, त्यांच्या दुःखाची बातमी होत नाही. विनोदामुळे खैरलांजी घडली असे आम्ही म्हणत नाही. पण ती घडल्यावरही देश इतके दिवस शांत का राहू शकला, याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे, असे आम्हाला वाटते.

“फक्त गंमत आहे हो!”

असे काही बोलले की पहिले उत्तर येते, “विनोदाकडे विनोद म्हणून बघा ना.” हे उत्तर आपल्याकडेच मिळते असे नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिने नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीवरून. काळ्या लोकांच्या अनुभवातून शिकण्याची आपली परंपरा आहे. म्हणून ब्रिटनमधले एक उदाहरण सांगतो.

बीबीसी ही सरकारमान्य, प्रतिष्ठित संस्था. तिने १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षे ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ नावाचा नाचगाण्यांचा आणि विनोदांचा कार्यक्रम दाखवला. गोरे गायक तोंडाला काळा रंग फासून, ओठांभोवती पांढरा पट्टा काढून अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे सोंग घेत. लक्षावधी कुटुंबे तो आवडीने पाहत. १९६७ मध्ये वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या एका संघटनेने बीबीसीला निवेदन देऊन हा कार्यक्रम बंद करण्याची मागणी केली. बचाव तोच होता, की हे निर्मळ मनोरंजन आहे, यात कोणाला दुखवण्याचा हेतू नाही. निवेदनानंतरही तो अकरा वर्षे चालला. लेनी हेन्री हे पुढे नावारूपाला आलेले काळे विनोदवीर. उमेदवारीच्या काळात त्यांनाही या कार्यक्रमाच्या मंचावर काम करावे लागले. त्या दिवसांविषयी त्यांनी नंतर खेदाने लिहिले-बोलले आहे.

आज ब्रिटनमध्ये तो कार्यक्रम पाहून लोक मान खाली घालतात. पण लक्षात घ्या, तो वाईट आहे हे १९६७ मध्येही काही लोकांना दिसत होते आणि ते सांगतही होते. म्हणून “तो काळच तसा होता” हे म्हणणे अर्धवट आहे. आपल्याकडेही २००५ मध्ये हे ज्यांना दिसत होते, त्यांना “तुम्हाला हसताच येत नाही” असे म्हणून गप्प केले गेले. कधी कधी आपणच आपल्या माणसांना तसे म्हणालो.

तालपुटाचा प्रश्न

या विषयावर धम्मात काही सापडते का, म्हणून आम्ही शोधले आणि थेट उत्तर मिळाले. संयुत्त निकायातल्या गामणि संयुत्तात तालपुट सुत्त आहे. तालपुट हा नटांच्या मंडळीचा प्रमुख. राजगृहाच्या वेळुवनात तो तथागतांकडे आला आणि त्याने विचारले, की आमच्या आधीचे नटाचार्य सांगत आले, जो नट रंगमंचावर खऱ्याखोट्याने लोकांना हसवतो, रिझवतो, तो मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो. यावर आपले काय मत? तथागतांनी त्याला सांगितले, हे विचारू नकोस. त्याने पुन्हा विचारले. असे वारंवार विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले. त्याचा आशय असा : समोर बसलेल्या लोकांच्या मनात आधीच राग, द्वेष आणि मोह आहेत. नट मंचावरून त्यांना आणखी तेच पुरवतो. स्वतः बेसावध राहून इतरांनाही बेसावध करणाऱ्याची गती चांगली होत नाही.

सुत्तात नरकाचा उल्लेख आहे. बाबासाहेबांच्या धम्मदृष्टीतून आलेले आपण त्याला अक्षरशः घेत नाही. पण यातला विवेक कोणालाही पटण्यासारखा आहे. विनोद कोऱ्या पाटीवर पडत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात जातीचा, रंगाचा, लिंगाचा द्वेष आधीच असेल, तर विनोदवीराने “माझ्या मनात तसे नव्हते” म्हणून भागत नाही. तो द्वेषाला खतपाणी घालतो की तो कमी करतो, हा खरा प्रश्न.

आणखी एक गोष्ट. उत्तर ऐकून तालपुट रडला. तथागतांनी असे उत्तर दिले म्हणून आपण रडत नाही, असे त्यानेच सांगितले. जुन्या आचार्यांनी आपल्याला इतकी वर्षे फसवले, याचे त्याला दुःख होते. पुढे तो भिक्खू झाला, अर्हत झाला आणि त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत. त्या रविवारी आम्हाला जे वाटले, ते काहीसे असेच होते. आपण हसलो याची लाज कमी आणि आपल्याला असे हसायला शिकवले याची चीड जास्त.

याचा अर्थ धम्म हसण्याच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. दीघ निकायातले तेविज्ज सुत्त वाचा. ज्यांनी ब्रह्मा कधी पाहिला नाही, ज्यांच्या आचार्यांनीही पाहिला नाही, ते त्याच्याकडे जाण्याचा मार्ग सांगतात! तथागत त्यांना एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा देतात. देशातल्या सर्वांत सुंदर स्त्रीच्या प्रेमात पडलेल्या, पण ती कोण, कुठली, काळी की गोरी हे काहीच माहीत नसलेल्या माणसाची उपमा देतात. हा खणखणीत विनोद आहे. फरक एवढाच, की त्याचा रोख ज्ञानाची मक्तेदारी सांगणाऱ्यांवर आहे, गरिबाच्या बोलण्यावर नाही.

आपलाही मंच होता

नाचगाणी, सोंगे, विनोद, सवाल-जवाब असा भरगच्च कार्यक्रम आपल्या लोकांना टीव्हीने दिला नाही. तो आपल्याकडे आधीपासून होता. तमाशाच्या फडांत महार, मांग, कोल्हाटी कलावंत मोठ्या संख्येने होते. त्यातला सोंगाड्या भर दरबारात राजाची आणि पाटलाची फिरकी घ्यायचा. सत्यशोधकांनी हाच बाज घेऊन जलसे उभे केले. भटजी आणि सावकार लोकांना कसे लुबाडतात, हे हसवत हसवत सांगितले. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डक हे त्यातले ठळक नाव. ‘आंबेडकरी जलसे’ हा त्यांचा ग्रंथ आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. तमाशातला अचकटविचकटपणा बाजूला ठेवून, त्याची लय आणि विनोद राखून, शिक्षण, स्वच्छता, मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडणे, सभेला जाणे हे सगळे या जलशांनी गावोगाव पोहोचवले. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला चळवळ समजली ती कंदिलाच्या उजेडात पाहिलेल्या अशा खेळांतून.

वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, लाफ्टर चॅलेंज सुरू होण्याच्या आदल्या वर्षी. आमच्या आजोबांच्या पिढीला वामनदादा तोंडपाठ होते. आम्हाला विनोदवीरांचे संवाद पाठ होते. एका पिढीत केवढा बदल झाला ते पाहा.

चांगली गोष्ट ही, की धागा तुटलेला नाही. बीडच्या अंकुर तांगडे, बस्तरचे मंजीत सरकार यांच्यासारखे तरुण आज स्टँड-अपच्या मंचावर आपली जात न लपवता उभे राहतात. लोक आपल्याला आडनाव कसे विचारतात, भाड्याने खोली देताना कसे चाचपतात, हे ते सांगतात आणि सभागृह हसते. इथे हसू येते ते विचारणाऱ्याच्या फजितीचे. प्रसंग तोच, माइक मात्र दुसऱ्याच्या हातात.

मग जयंतीला काय?

पुढच्या बैठकीत ते कामवालीचे स्किट पुन्हा चर्चेला आले. ज्या मुलाने ते आणले होते, तो जरा खट्टू झाला होता. त्याला आम्ही सांगितले, की विनोद नको असे कोणी म्हणत नाही, पण कोणताही विनोद मंचावर नेण्याआधी तीन प्रश्न विचारू या.

एक, ज्याच्यावर विनोद आहे तो माणूस पहिल्या रांगेत बसला असेल, तर आपण तो तसाच करू का? आपल्या जयंतीत तर तो बसलेलाच असतो.

दोन, हसून झाल्यावर त्या माणसाविषयी प्रेक्षकाला काही नवीन कळले का, की आधीचाच गैरसमज घट्ट झाला?

तीन, हे पाहून अस्वस्थ कोण होणार? ज्याच्याकडे पैसा, पद आणि प्रतिष्ठा आहे तो, की ज्याच्याकडे काहीच नाही तो?

हे प्रश्न बायकांची सोंगे, तृतीयपंथींची नक्कल, मातंग, वाल्मीकी किंवा आदिवासी बांधवांच्या बोलीची थट्टा यांनाही लावायचे आहेत. आपण कोणाच्या तरी विनोदाचे बळी आहोत म्हणून दुसऱ्याला बळी करण्याचा परवाना आपल्याला मिळत नाही. आमच्याच गॅदरिंगमध्ये आम्ही हे केलेले आहे, हे कबूल करतो.

मग त्या मुलालाच आम्ही आईकडे पाठवले. दोन संध्याकाळी तो तिच्याजवळ वही घेऊन बसला. तिने तिच्या तीस वर्षांतल्या मॅडम एकेक करून दाखवल्या. एकीकडे हिच्यासाठी वेगळा कप, तोही गॅलरीत कुंडीमागे ठेवलेला. एक मॅडम फोनवर समतेवर तासभर बोलते आणि फोन ठेवून पगारातून दोन खाडे कापते. एक दर दिवाळीला जुनी साडी देते आणि वर्षभर विचारते, “नेसतेस ना गं?” चष्मा नाकावर ओढून, मान तिरकी करून आई ते बोलायला लागली तेव्हा दारात बायका जमल्या. त्यांच्याकडेही असेच कप निघाले, अशाच साड्या निघाल्या.

स्किटचे नाव ठेवले आहे ‘वेगळा कप’. लिहिले मुलाने, पण मॅडमचे काम आईच करणार आहे. आधी नाही म्हणत होती. “साऱ्या गावासमोर मले काय येते?” आता रोज जेवणे आटोपली की तालमीला विहारात वेळेवर हजर असते. भांडी घासायचा प्रसंग मात्र तिने त्या मुलाकडून पाच वेळा करून घेतला. म्हणाली, “आधी घासाले शिक, मंग नक्कल कर.”

आपल्या वस्तीत, आपल्या विहारात असे किती तरी कप असतील. या जयंतीला ते मंचावर येऊ द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!